आजऱ्याच्या पाणंदीसाठी जुनी डबल कॅबिन फोर बाय फोर पिकअप: कोणती घ्यावी आणि कशी पारखावी?

काजूबाग_आजरा:

नमस्कार मंडळी. आमचे राहते घर राजारामपुरीत आहे, परंतु काजूची बाग आजरा तालुक्याच्या पश्चिमेकडील भागात, घाटमाथ्याला लागून आहे. डांबरी रस्ता गावातल्या शाळेपाशी संपतो आणि तिथून बागेपर्यंत पाणंद आहे. उन्हाळ्यात त्या पाणंदीने कोणतीही गाडी जाते. मात्र जून लागला की जांभ्या मातीचा जो चिखल होतो, त्यात भाड्याचा टेंपो पुढे यायला तयार होत नाही आणि रोपे, खताची पोती, फवारणीचा पंप हे सर्व डोक्यावरून न्यावे लागते. वडिलांना बागेत यायचे असते, पण त्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे त्यांना त्या चिखलातून चालवत नेणे शक्य नाही.

पाच माणसे नीट बसतील, मागच्या हौद्यात पाचसहाशे किलो माल राहील आणि चारही चाकांना ताकद मिळेल अशी जुनी गाडी मी शोधत आहे. अंदाजपत्रक १२ लाखांपर्यंत आहे. इसुझू व्ही-क्रॉस, महिंद्राची स्कॉर्पिओ गेटअवे, टाटाची झेनॉन आणि बोलेरो कॅम्परची फोर बाय फोर आवृत्ती ही नावे समोर आली आहेत. हायलक्सही आवडते, पण ती या रकमेत येईल असे वाटत नाही. जाहिरातींत प्रत्येक गाडी ‘एकदम टकाटक’ असते, म्हणून इथे विचारत आहे. यांपैकी भरवशाची कोणती आणि ती घेण्यापूर्वी काय काय तपासावे?

कागलकर:

आधी एक प्रश्न विचारतो, राग मानू नये. वर्षातले चार महिने, तेही अधूनमधून, तीन-चार किलोमीटरच्या पाणंदीसाठी फोर बाय फोर खरोखर हवी आहे का? या यंत्रणेबरोबर पुढचा डिफ्रन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग), ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी), जास्तीचा शाफ्ट आणि पुढचे ॲक्सल एवढे सगळे सांभाळावे लागते, आणि उरलेले आठ महिने ते ओझे डिझेल खात तुमच्याबरोबर फिरत राहते. साधी डबल कॅबिन पिकअप, चांगल्या खाचांचे टायर आणि चिखलाच्या दिवसांत गावातला एखादा ट्रॅक्टर, एवढ्यात पुष्कळ शेतकऱ्यांचे भागते.

काजूबाग_आजरा:

राग कसला, हा विचार मीही केला होता. शेजारच्या बागाईतदारांकडे मागची दोन चाके फिरणारी कॅम्पर आहे. हौदा भरलेला असताना ती चढते. परंतु माल उतरवून रिकामी परत येताना मागची बाजू हलकी होते आणि ओढ्याजवळच्या चढावर चाके जागेवरच फिरू लागतात. शिवाय ट्रॅक्टरमध्ये वडिलांना बसवता येत नाही. त्यामुळे फोर बाय फोर हवी, हे आमच्या घरी ठरले आहे.

उद्यमनगरचा_फिटर:

ओढा आणि रिकामा हौदा हे कारण मला पटते. पिकअपचे वजन पुढे एकवटलेले असते, त्यामुळे हौदा रिकामा असताना मागच्या चाकांना पकड मिळत नाही, हे प्रत्येक पिकअपचे दुखणे आहे.

आता नावे घेऊ. व्ही-क्रॉस आपल्याकडे २०१६ मध्ये आली आणि ती आंध्र प्रदेशातील श्रीसिटी इथल्या कारखान्यात तयार होते. सुरुवातीच्या गाड्यांना २.५ लिटरचे डिझेल इंजिन, १३४ अश्वशक्ती, ३२० न्यूटन-मीटर टॉर्क आणि पाच गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स आहे. नंतर १.९ लिटरचे इंजिन आले आणि २०२१ पासून बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे नवे मानक) आवृत्तीत तेच आहे. तिची ताकद १६३ पीएसपर्यंत गेली. तुमच्या रकमेत जी मिळेल ती बहुधा २.५ लिटरवालीच असेल आणि माझ्या मते तुमच्या कामाला तीच बरी. ते इंजिन संथ आहे, आवाज करते, परंतु कमी वेगात नेटाने ओढते. बीएस-६ गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि तो स्वतःला साफ करण्यासाठी अधूनमधून मोठ्या रस्त्यावर सलग धाव मागतो. गाडी बहुतेक वेळ शहरातच फिरणार असेल तर त्याचा त्रास होतो.

गेटअवे ही मुळात स्कॉर्पिओ आहे, फक्त मागे हौदा आहे. २.२ लिटरच्या एमहॉक इंजिनची, १२० अश्वशक्तीची गाडी पाहावी, त्याआधीच्या २.६ लिटरच्या गाड्या आता फार जुन्या झाल्या. हिचा सर्वांत मोठा गुण असा की, इंजिन, क्लच, ब्रेक, केबिनमधले बरेचसे सामान स्कॉर्पिओचे असल्यामुळे ते कोल्हापुरातच काय, गडहिंग्लजलाही मिळते. बीएस-६ मानके आल्यावर ही गाडी बाजारात राहिली नाही, त्यामुळे हौदा, मागचा फाळका आणि मागचे दिवे यांसारखे फक्त तिचे म्हणून असलेले सामान मात्र शोधावे लागते.

झेनॉन एक्सटी २००९ मध्ये आली. २.२ लिटरचे डायकॉर इंजिन आणि ३२० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे कागदावर ती कुणाहून कमी नाही. पण आज जी मिळेल ती वयाने मोठी असेल, आणि त्यातही फोर बाय फोर हुडकणे अवघड आहे. २०१० ची गाडी म्हणजे खासगी नोंदणीची १५ वर्षांची मुदत संपलेली किंवा नूतनीकरण केलेली गाडी, हे लक्षात घ्यावे. स्वतः दुरुस्ती करण्याची हौस असेल तरच तिच्या वाटेला जावे.

हायलक्स २०२२ मध्ये ३३.९९ लाखांपासून पुढे विकायला आली. तुमच्या रकमेत कुणी ती देऊ करत असेल, तर गाडीऐवजी आधी विकणाऱ्याची चौकशी करावी.

राहिली कॅम्पर. काम करायला तिच्यासारखी गाडी नाही. साधे इंजिन, साधी चासी, मागे कमानी पाटे आणि कोणत्याही तालुक्याच्या गावात दुरुस्ती. परंतु वडिलांचे गुडघे आणि कॅम्परचे मागचे आसन यांचा मेळ बसेल का, हे त्यांना एकदा बसवून पाहा.

गारगोटीकरीण:

आमच्याकडे २.५ लिटरची व्ही-क्रॉस आहे. जुनीच घेतली होती. यंत्राबद्दल वरच्या दादांनी सांगितले आहे, मी वापराबद्दल लिहिते.

ही गाडी जवळजवळ ५.३ मीटर लांब आहे. पाणंदीत किंवा राधानगरीच्या रस्त्यावर ही लांबी जाणवत नाही, पण महाद्वार रोडच्या बाजूला किंवा शाहूपुरीच्या गल्लीत ती पदोपदी जाणवते. वळायला मोठी जागा लागते आणि फोंडा किंवा करूळ घाटातल्या आकडी वळणांवर समोरून एसटी आली तर आपण आधीच थांबलेले बरे. तुम्ही राजारामपुरीत राहता, तर घरासमोर ही गाडी कुठे उभी राहील, हे टेप लावून मोजा; हे मी चेष्टेने सांगत नाही.

हौदा रिकामा असताना मागचे पाटे कडक वाटतात आणि खराब रस्त्यावर मागे बसलेल्यांना दणके बसतात. मागच्या आसनाची पाठ सरळ उभी आहे. माझ्या सासूबाईंना आजऱ्यापर्यंतचा प्रवास चालतो, पण पुण्याला जाताना त्या पुढेच बसतात. चढायला उंची आहे, तेव्हा वडिलांसाठी बाजूची पायरी आणि आत धरायला मूठ असलेली गाडी पाहा. डिझेलचे म्हणाल तर लिटरला दहा-अकराच्या आसपास धरून चला, घाटात त्याहून कमी.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते. ऑगस्टच्या पावसात, लाल चिखलात, आजूबाजूच्या गाड्या अडकलेल्या असताना ही गाडी ज्या शांतपणे चढ चढते, ते पाहिल्यावर बाकीच्या तक्रारी करायचे मन होत नाही.

शिरोळचा_मळा:

इथे कुणी पुराचा विषय काढला नाही, म्हणून लिहितो. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा तशीच वेळ आली. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन वाहतूक बंद पडली होती. आमच्या शिरोळ तालुक्यात तर घरेच्या घरे पाण्यात होती, मग दारातल्या गाड्यांचे काय विचारता. त्यांतल्या काही विमा कंपन्यांनी पूर्ण नुकसान म्हणून निकालात काढल्या, भंगारभावाने विकल्या गेल्या, आणि कुणीतरी त्या धुऊन, पुसून, नवे सीट कव्हर घालून पुन्हा बाजारात आणल्या. पिकअप उंच असते म्हणून ती बुडाली नसेल, असे कुणी समजू नये.

बुडालेली गाडी ओळखायची तर चकचकीत भागांकडे पाहू नका. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. पुराचा गाळ पट्ट्याच्या शेवटच्या हातभर भागात हमखास सापडतो, कारण तिथपर्यंत कुणी धूत नाही. आसनांच्या खालच्या रुळांवर आणि त्यांच्या बोल्टांवर गंज आहे का, गालिचा उचलल्यावर खालच्या नमद्याला ओल किंवा कुबट वास आहे का, डॅशबोर्डच्या खाली वायरिंगच्या जोडांवर हिरवट पूड जमली आहे का, हे टॉर्च लावून पाहा. पिकअपची स्टेपनी हौद्याखाली टांगलेली असते. तिच्या वरच्या बाजूला आणि चासीच्या पोकळ नळीत बोट घातले की नदीचा बारीक, राखाडी गाळ हाताला लागतो. आजऱ्याची लाल माती असेल तर ठीक, पण गाडीवाला ‘गाडी कायम गगनबावड्याकडे होती’ म्हणत असेल आणि चासीत नदीकाठचा गाळ निघाला, तर नमस्कार करून परत यावे.

विमा कंपनीकडून मागच्या दाव्यांची माहिती विचारा. २०१९ किंवा २०२१ च्या पावसाळ्यात मोठा दावा दिसला तर पुढे बोलूच नका.

उद्यमनगरचा_फिटर:

शिरोळच्या भावांनी लिहिलेले एक अक्षरही गाळण्यासारखे नाही. आता मी चासी आणि फोर बाय फोरबद्दल सविस्तर लिहितो, कारण लोक इंजिनाचा आवाज ऐकतात, रंग पाहतात, आणि या दोन गोष्टी विसरतात.

पिकअपची केबिन आणि हौदा हे दोन वेगळे डबे एकाच चासीवर बसवलेले असतात आणि त्यांच्यामध्ये एक फट असते. गाडीपासून दहा पावलांवर, दोन्ही बाजूंनी उभे राहून ती फट पाहा. वर आणि खाली ती सारखी हवी, डावीकडे आणि उजवीकडे सारखी हवी. वर अरुंद आणि खाली रुंद, किंवा उलट असेल, तर चासी वाकली आहे, हौद्याचे माउंटिंग बसले आहे किंवा गाडीला मागून मार बसला आहे. नंतर गाडी खड्ड्यावर किंवा लिफ्टवर घेऊन चासीच्या दोन्ही पट्ट्या बोटाने चाचपाव्यात. पाट्यांचे हँगर जिथे बसतात तिथे आणि हौद्याच्या पुढच्या कडेखाली वेल्डिंगच्या नव्या खुणा, ताजा काळा रंग किंवा बारीक तडा दिसला तर ती गाडी ओझ्याखाली वाकलेली आहे.

ओझ्याची चौकशी पाटे स्वतःच सांगतात. कंपनीने दिलेल्या पाट्यांवर एखादा जास्तीचा पाटा चढवलेला असेल तर मालकाने क्षमतेपेक्षा जास्त वाहतूक केली, हे उघड आहे. हौद्यातले प्लास्टिकचे अस्तर उचलून खालचा पत्रा पाहा. लाटा आल्यासारखा पत्रा, फाळक्याच्या बिजागऱ्यांना झोल, मागच्या ॲक्सलजवळचे रबरी बंपस्टॉप झिजून सपाट झालेले, हे सर्व एकत्र दिसले तर समजावे की गाडीने वाळू, खडी किंवा कास्टिंग वाहिले आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत फिरलेल्या डबल कॅबिन गाड्यांच्या बाबतीत हे विशेष पाहावे. फाउंड्रीचा माल दिसायला थोडा आणि वजनाला भारी असतो.

आता फोर बाय फोर. तुम्ही लिहिलेल्या सगळ्या गाड्यांत ही यंत्रणा हवी तेव्हा जोडायची असते आणि मध्ये डिफ्रन्शियल नसतो. वळताना पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात. चिखलात टायर घसरून तो फरक मिटतो, पण कोरड्या डांबरावर तो मिटत नाही आणि सगळा ताण शाफ्ट, क्रॉस (शाफ्टचा सांधा) आणि ट्रान्सफर केसवर येतो. म्हणून चाचणी डांबरावर कधीही करू नये. मैदान, नांगरट झालेले रान किंवा ओली पाणंद शोधा. आधी दोन चाकांवर गाडी चालवा, मग फोर-हाय (चारही चाके, नेहमीचा वेग) लावा आणि पुढचा शाफ्ट खरोखर फिरतो का, हे बाहेरच्या माणसाला खाली वाकून पाहायला सांगा. डॅशबोर्डवरचा दिवा लागला म्हणजे यंत्रणा जोडली गेली, असे नव्हे. दिवा लुकलुकत राहिला तर गिअर बदलणारी मोटर किंवा पुढच्या ॲक्सलची जोडणी अडकलेली असते. नंतर गाडी पूर्ण थांबवून, न्यूट्रलमध्ये फोर-लो (चारही चाके, कमी वेग आणि जास्त ओढ) लावा. उतारावर पहिल्या गिअरमध्ये ब्रेकवरचा पाय काढला की गाडीने स्वतःला धरून, चालत्या माणसाच्या वेगाने उतरले पाहिजे. खट् असा एक आवाज जोडताना येतो, तो चालेल. पण ताकद देताना आणि सोडताना प्रत्येक वेळी दणका येत असेल तर क्रॉस किंवा ट्रान्सफर केसची साखळी झिजली आहे.

इथे एक गैरसमज आहे. ‘साहेब, फोर बाय फोर एकदाही वापरलेली नाही’ असे विकणारा अभिमानाने सांगतो आणि घेणारा खूश होतो. मला उलट त्या गाडीची जास्त काळजी वाटते. वर्षानुवर्षे न हललेली जोडणी गंजून अडकते, सील कोरडे पडतात आणि ज्या दिवशी खरी गरज लागते त्या दिवशी ती जागची हलत नाही. महिन्यातून एकदा मातीवर थोडा वेळ फोर बाय फोर चालवलेली गाडी मी पसंत करीन.

ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफ्रन्शियलचे ऑइल थोडे काढून पाहायला मालकाने परवानगी दिलीच पाहिजे. दुधाळ ऑइल म्हणजे पाणी शिरले आहे. चकाकणारे तुकडे म्हणजे गिअरचे दात गेले आहेत. पुढच्या चाकांजवळची रबरी बुटे फाटलेली असतील तर आतल्या जॉइंटमध्ये चिखल गेलेला असतो. चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारख्या झिजेचे असावेत. टायरच्या कडेवरचे चार अंक त्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात, ते जुळवून पाहा.

इंजिनाचे थोडक्यात सांगतो. गाडी पाहायला जाल तेव्हा मालकाला ती आधी चालू करून ठेवू देऊ नका. बॉनेटला हात लावून इंजिन थंड असल्याची खात्री करा. थंड असताना पहिल्या झटक्यात चालू होणे, ऑइलचे झाकण उघडल्यावर वाफेचा लोंढा न येणे आणि जोर दिल्यावर निळा धूर नसणे, या तीन गोष्टी मुख्य आहेत. किलोमीटरच्या आकड्यावर माझा विश्वास नाही. स्कॅनर लावून इंजिनाच्या संगणकातील नोंद, सर्व्हिसचे कागद आणि पेडलच्या रबराची झीज या तिन्हींची गाठ पडली पाहिजे.

मुद्रांक:

यंत्राची चर्चा उत्तम झाली आहे. कागदांकडे वळण्यापूर्वी मूळ प्रश्नातील एका वाक्याकडे लक्ष वेधतो: पाच माणसे आणि पाचसहाशे किलो माल. या दोन अपेक्षा एकाच आरसीवर बसतात का, हे पाहणे अत्यावश्यक आहे.

डबल कॅबिन पिकअप आपल्याकडे दोन प्रकारे नोंदवलेली आढळते. एक खासगी वाहन म्हणून, पांढऱ्या पाटीवर. दुसरी हलके मालवाहू वाहन म्हणून, पिवळ्या पाटीवर. व्ही-क्रॉससारखी गाडी बहुधा पहिल्या प्रकारात आणि कॅम्पर दुसऱ्या प्रकारात मिळते. दिसायला हौदा सारखाच असला तरी खासगी नोंदणीच्या गाडीची अधिकृत भारक्षमता लोकांच्या समजुतीपेक्षा बरीच कमी असू शकते. आरसीवरील भारित वजनातून रिकामे वजन वजा करा, उरलेल्या आकड्यातून पाच माणसांचे वजन काढा, आणि मग हौद्यासाठी काय शिल्लक राहते ते पाहा. तेवढाच माल कायदेशीर आहे. पाचसहाशे किलो नेहमीच न्यायचे असतील तर मालवाहू नोंदणीचा विचार करावा लागेल.

मालवाहू नोंदणीचे स्वतःचे नियम आहेत. फिटनेस प्रमाणपत्र पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी घ्यावे लागते. परवान्याबाबत मात्र दिलासा आहे: ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन साध्या हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने तेच कायम केले. विम्याचा प्रश्न अधिक नाजूक आहे. मालवाहू वाहनातून फुकट नेलेल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा आशा राणी प्रकरणातील निर्णय आहे. मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी यांची गोष्ट वेगळी आहे. म्हणून आरसीवर आसने किती नोंदली आहेत आणि पॉलिसीत कोणकोणाचा समावेश आहे, हे विमा कंपनीकडून लेखी घ्यावे. वडिलांना घेऊन फिरणाऱ्या माणसाने हा मुद्दा टाळू नये.

बाकी नेहमीचे: एमपरिवहन या सरकारी ॲपवर वाहन वर्ग, विमा, बोजा आणि थकलेली चलने पाहावीत, चासीवर ठोकलेला क्रमांक आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवावा, मोठे टायर, पुढचा लोखंडी बुलबार असे काही लावले असेल तर ते आधी काढायला लावावे. बुलबारवर केंद्र सरकारने २०१७ मध्येच बंदी घातली आहे.

कागलकर:

एक उपप्रश्न. कावळा नाक्याजवळ एका विक्रेत्याकडे दिल्ली पासिंगची गेटअवे पाहिली, इथल्या भावापेक्षा चांगलीच स्वस्त आहे. निपाणी-बेळगावकडच्याही काही गाड्या येतात. त्या घ्याव्यात का?

मुद्रांक:

दिल्ली आणि तिच्या परिसरात दहा वर्षांपुढील डिझेल गाड्यांवर न्यायालयीन बंदी आल्यापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात बाहेर पडू लागल्या. आपल्याकडे तो नियम नाही, त्यामुळे गाडी इथे चालवता येते. परंतु तिथल्या आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, हातात असल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. दुसऱ्या राज्यातील गाडी इथे बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर इथला क्रमांक घेणे बंधनकारक आहे, आणि त्यासाठी गाडीच्या वयानुसार महाराष्ट्राचा कर पुन्हा भरावा लागतो. मूळ राज्याकडून परतावा मागता येतो, पण तो मिळवण्याची खटपट पहिल्या मालकाच्या सहकार्याशिवाय होत नाही. कर, पासिंग आणि हेलपाटे धरले की भावातला फरक बहुतेक वेळा उरत नाही. निपाणीच्या गाडीचा एक फायदा आहे: मालक तासाभराच्या अंतरावर असतो आणि त्याला समोर बसवून सह्या घेता येतात.

गारगोटीकरीण:

दिल्लीच्या गाडीचा इतिहास इथल्या कुणाला माहीत नसतो, ही अडचण मला करापेक्षाही मोठी वाटते. गडहिंग्लज, भुदरगड, चंदगडकडची गाडी असेल तर पेट्रोलपंपावर चौकशी केली तरी ती कुणाच्या मळ्यात होती आणि काय वाहत होती, हे कळते.

काजूबाग_आजरा:

सर्वांचे आभार. या चर्चेच्या आधारे दोन गाड्या पाहून आलो. पहिली व्ही-क्रॉस, रंग अप्रतिम, किलोमीटर कमी. पण केबिन आणि हौद्यामधली फट उजवीकडे वर मिटत आलेली आणि खाली उघडलेली दिसली. मालक म्हणाला, ‘कंपनीतूनच तशी आली.’ आम्ही चहा घेतला आणि निघालो.

दुसरी २.२ लिटरची गेटअवे, गडहिंग्लज तालुक्यातील, पहिल्याच मालकाची, खासगी नोंदणीची. फोर-हाय आणि फोर-लो दोन्ही शेतात लावून पाहिले. पुढचा शाफ्ट फिरतो. ट्रान्सफर केसचे ऑइल काळे आहे, पण दुधाळ नाही. पाट्यांत भर घातलेली नाही. आरसीवरच्या वजनाचा हिशेब केल्यावर पाच माणसांसह पाचसहाशे किलो बसत नाहीत, म्हणून खत आणि माणसे वेगवेगळ्या फेऱ्यांत न्यायचे आम्ही ठरवले आहे. वडील स्वतः चढून बसले आणि पुढचे आसन त्यांना पटले. उजव्या पुढच्या चाकाचे बूट फाटलेले आहे आणि चारांपैकी दोन टायर अलीकडे बदललेले आहेत. अडचण एकच: आरसीवर बँकेचा बोजा आहे. मालक म्हणतो, पूर्ण रक्कम द्या, मी कर्ज फेडून आठवड्यात कागद आणून देतो. काय करावे?

उद्यमनगरचा_फिटर:

बूट फाटले आहे तर आतला जॉइंट उघडून पाहिल्याशिवाय भाव ठरवू नका. चाक पूर्ण वळवून हळू चालवताना कटकट आवाज आला तर अख्खा ॲक्सल शाफ्ट धरून किंमत कमी करून घ्या. टायरचे म्हणाल तर नवे दोन एकाच ॲक्सलवर आहेत का ते पाहा, आणि जुन्यांच्या खाचा फारच उतरल्या असतील तर चारही बदलेपर्यंत फोर बाय फोर फक्त चिखलातच लावा. ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफ्रन्शियलचे ऑइल पहिल्याच आठवड्यात बदलून टाका.

मुद्रांक:

मालकाच्या हातात पूर्ण रक्कम देऊ नका. दोघांनी मिळून बँकेत जा, कर्ज बंद करण्यासाठी लागणाऱ्या रकमेचे लेखी पत्र घ्या आणि तेवढी रक्कम थेट त्या कर्जखात्यात भरा. पावतीवर कर्जखात्याचा क्रमांक आणि गाडीचा क्रमांक दोन्ही असू द्या. बँकेचे ना हरकत पत्र आणि कर्ज संपल्याचा नमुना ३५ मिळाला की बोजा उतरवण्याचा अर्ज आणि हस्तांतरणाचे नमुने २९ व ३० एकत्रच दाखल करता येतात. उरलेली रक्कम त्या अर्जांची पोच मिळाल्यावर द्या. विक्रेत्याने १४ दिवसांत आणि तुम्ही ३० दिवसांत हस्तांतरण कळवायचे असते, आणि विमा तुमच्या नावावर करण्यासाठी १४ दिवसांची मुदत आहे. मालकालाही एक गोष्ट समजावून सांगा: आरसीवर त्याचे नाव असेपर्यंत अपघाताची भरपाई त्याच्याच अंगावर येऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. हे ऐकले की विक्रेते सहसा स्वतःहून आरटीओत यायला तयार होतात.

काजूबाग_आजरा:

सोमवारी बँकेत जात आहोत. तोपर्यंत चाक काढून जॉइंट पाहण्यासाठी गाडी एका दिवसासाठी उद्यमनगरात आणायला मालक तयार झाला आहे, डिझेल मात्र आमचे.